ग्रँड फोर्क्सची हॉकी : पदकं खेळाडूची, कॉलेजची की गावाची?

लालनदी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात असलेला विषय आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही गेली चौदा वर्षं ग्रँड फोर्क्सला राहतो. नॉर्थ डकोटाच्या पूर्व कडेला, रेड रिव्हरच्या काठी वसलेलं साठेक हजार वस्तीचं गाव. हिवाळ्यात पारा उणे तिसापर्यंत उतरतो आणि अशा थंडीत सगळं गाव हॉकी बघायला घराबाहेर पडतं. हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची. इथल्या युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या संघाने २०१६ पर्यंत आठ वेळा राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद जिंकलं : १९५९, ६३, ८०, ८२, ८७, ९७, २००० आणि २०१६. इथून गेलेले खेळाडू बघा : एड बेलफोर, झॅक परीझी, जोनाथन टेव्झ, टी. जे. ओशी. कुणाकडे ऑलिंपिक सुवर्ण, कुणाकडे स्टॅनले कप (अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगचा चषक), टेव्झकडे तर दोन सुवर्णपदकं आणि तीन कप.

पण मला सांगायचंय ते मुलींबद्दल. लेक पाच वर्षांची असताना, २०१३ च्या जानेवारीत, आम्ही तिला पहिल्यांदा मुलींच्या मॅचला नेलं. काचेला नाक लावून बसली होती. तेव्हा संघात जॉसलिन आणि मोनिक लॅमरू या जुळ्या बहिणी होत्या. याच गावातल्या. वडील इथल्याच संघाचे जुने गोलकीपर, चार थोरले भाऊ, सगळे हॉकीवाले. मॅच संपल्यावर एका खेळाडूने काचेवरून पक, म्हणजे या हॉकीतली रबरी चकती, टाकला. तो पक अजून लेकीच्या उशाशी असतो. दुसऱ्या आठवड्यात तिने स्केट्स मागितले.

२९ मार्च २०१७ ला युनिव्हर्सिटीने मुलींचा हॉकी संघ बंद केला. पैशांची तंगी. सोबत पोहण्याचे दोन्ही संघही गेले. आदल्याच दिवशी, २८ मार्चला, अमेरिकेच्या महिला संघाने मानधनासाठी पुकारलेला बहिष्कार जिंकून करार केला होता आणि लॅमरू बहिणी त्या लढ्यात पुढे होत्या. एका दिवसाच्या अंतराने दोन बातम्या.

त्यानंतर अकरा महिन्यांनी कोरियात ऑलिंपिकची फायनल. आमच्याकडे २१ फेब्रुवारीची रात्र होती. कॅनडा २-१ ने पुढे. शेवटची साडेसहा मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा मोनिकने बरोबरी केली. सामना शूटआउटवर गेला (एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर) आणि सहाव्या फेरीत जॉसलिनने गोल केला. वीस वर्षांनी अमेरिकेच्या मुलींना सुवर्ण. मी लेकीला झोपू दिलं नव्हतं. ती उड्या मारत होती आणि मी रडत होते.

तर प्रश्न असा. अशा पदकांचं श्रेय कॉलेजला किती? आणि ज्या कॉलेजने पुढच्या मुलींसाठी दारच बंद केलं, त्याने या पदकांवर हक्क सांगावा का? मनापासून विचारतेय. तुमचे अनुभवही लिहा.

सदाफुली

उशाशी पक! वाचून पोटात कालवलं. लिहीत राहा.

शंकासूर

विषय नवा आहे, म्हणून अगदी प्राथमिक शंका. आम्ही ध्यानचंदांच्या हॉकीवर वाढलेली माणसं. कॉलेजमध्ये शिकता शिकता माणूस व्यावसायिक खेळाडू कसा होतो? आपल्याकडे विद्यापीठ स्तरावर खेळलेला मुलगा पुढे बँकेत किंवा रेल्वेत लागतो. तिथे गणित काय असतं?

गोलपोस्ट

शंकासूर, चांगला प्रश्न. मी बॉस्टनमध्ये बावीस वर्षं आहे आणि कॉलेज हॉकीचं वेड लागलेलं आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल, अमेरिका-कॅनडाची व्यावसायिक लीग. तिचे संघ दर उन्हाळ्यात साधारण अठरा वर्षांच्या मुलांची निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. निवड झाली म्हणजे लगेच खेळायला जायचं असं नाही. मुलगा कॉलेजात दोन, तीन, चार वर्षं खेळतो आणि त्याच्यावरचा हक्क त्या संघाकडे राहतो. अंग भरलं, खेळ पिकला की करार होतो. टेव्झला शिकागोने २००६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, पण तो आणखी एक हंगाम ग्रँड फोर्क्सलाच राहिला. आज एनएचएलमधला साधारण तीनातला एक खेळाडू अमेरिकन कॉलेजातून आलेला असतो.

दुसरी वाट कॅनडाच्या ज्युनिअर लीगची. तिथे मॅच खूप, प्रवास खूप, शाळा मागे पडते. पूर्वी त्या लीगमध्ये एक मॅच खेळलात तरी अमेरिकन कॉलेजचं दार बंद व्हायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने आणि आईबापांनी ठरवायचं की ही वाट की ती. २०२५-२६ च्या हंगामापासून तो नियम उठला.

आता मूळ प्रश्न. माझं मत, श्रेय माणसागणिक बदलतं. एड बेलफोरचं उदाहरण घ्या. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. १९८६-८७ चा एकच हंगाम तो नॉर्थ डकोटासाठी खेळला. त्या संघाने ४० मॅच जिंकल्या, फक्त ८ हरला आणि विजेतेपद घेऊन आला. त्याच संघात टोनी हर्कसने एका हंगामात ११६ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले, जो कॉलेज हॉकीतला विक्रम आहे. त्या एका वर्षाच्या जोरावर शिकागोने बेलफोरशी करार केला. पुढे एनएचएलचा सर्वोत्तम गोलकीपर दोनदा, १९९९ चा स्टॅनले कप, २००२ च्या सुवर्णविजेत्या कॅनडा संघात जागा, २०११ मध्ये हॉल ऑफ फेम. कॉलेजचं ते एक वर्ष नसतं तर हे नाव आपल्याला ऐकूही आलं नसतं.

टेव्झचं तसं नाही. तो कुठेही गेला असता तरी टेव्झच झाला असता.

दुपारचा_चहा

शेवटच्या वाक्याशी सहमत आणि म्हणूनच माझं म्हणणं जरा वेगळं. टेव्झ, परीझी आणि या लॅमरू बहिणी, सगळे कॉलेजच्या आधी शॅटक-सेंट मेरीज नावाच्या मिनेसोटातल्या निवासी शाळेत होते. सिडनी क्रॉस्बीसुद्धा तिथलाच. म्हणजे तयार माल कॉलेजकडे येतो, दोन वर्षं गणवेश घालतो आणि पुढे भिंतीवर फोटो लागतो. खरं श्रेय घरच्यांचं. पहाटे पाचला रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) पोचवणाऱ्या आईचं, घर गहाण ठेवणाऱ्या बापाचं.

आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर क्लासवाले छापतात ना पोरांचे फोटो? पोराने रात्री जागून अभ्यास केलेला, आणि फोटोखाली नाव क्लासचं.

लालनदी

चहा, क्लासच्या जाहिरातीचं पटलं, पण अर्धंच. लॅमरू बहिणींचं बघा. पहिलं वर्ष त्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीत खेळल्या. तो संघ तेव्हाही बलाढ्य होता. तिथे राहिल्या असत्या तर विजेतेपदं मिळाली असती. त्या घरी परतल्या, जिथला मुलींचा संघ २००२ साली सुरू झाला होता आणि अजून काहीच जिंकला नव्हता. त्या आल्यावर संघ २०१२ आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. म्हणजे इथे खेळाडूंनी कॉलेजला घडवलं. माझा प्रश्न त्यामुळेच जास्त टोचतो.

पलीकडचा_काठ

मी मिनेसोटातल्या मिनियापोलिसचा, नदीच्या पलीकडचा. लालनदीताई, आमच्या बलाढ्य संघाचा उल्लेख केल्याबद्दल आभार. :)

२०१३ ची ती उपांत्यपूर्व फेरी मी रिंकवर बसून पाहिली आहे. आमच्या मुली त्या हंगामात ४१ पैकी ४१ मॅच जिंकल्या. सगळ्यात जास्त घाम फुटला तो नॉर्थ डकोटाविरुद्ध. तीन ओव्हरटाइम! ३-२ ने सुटलो. बाहेर पडलो तेव्हा घसा बसला होता.

तर माजी विद्यार्थ्यांचा विषय निघालाच आहे तर १९८० सांगितल्याशिवाय कसं राहवेल? लेक प्लॅसिडचं ऑलिंपिक, २२ फेब्रुवारी. अमेरिकेची कॉलेजची पोरं आणि समोर सोव्हिएत युनियन, मागच्या चार ऑलिंपिकचे विजेते. ४-३. दोन दिवसांनी फिनलंडला ४-२ ने हरवून सुवर्ण. वीस जणांच्या संघात नऊ जण मिनेसोटा युनिव्हर्सिटीचे, चार बॉस्टन युनिव्हर्सिटीचे, दोन विस्कॉन्सिनचे, दोन बोलिंग ग्रीनचे, दोन डुलुथचे आणि एक नॉर्थ डकोटाचा. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स आमचे. १९६० च्या संघातून स्पर्धेच्या तोंडावर वगळलेला शेवटचा खेळाडू म्हणजे हे ब्रुक्स, आणि तो संघ सुवर्ण जिंकला. वीस वर्षं माणसाने ती सल बाळगली.

त्या नऊ जणांतला नील ब्रोटन पुढे एनएचएलच्या एका हंगामात शंभर गुण करणारा पहिला अमेरिकन ठरला, १९८५-८६ मध्ये १०५. १९९५ मध्ये न्यू जर्सीकडून स्टॅनले कप जिंकला. एका कॉलेजातून एका वर्षी नऊ पोरं ऑलिंपिक सुवर्णाला जातात, तेव्हा कॉलेजला श्रेय नाही म्हणणं मला जमणार नाही. ब्रुक्सनी त्यांना कॉलेजातच घासलं होतं.

लालनदी

पलीकडच्या काठाला रामराम! नऊ तुमचे, पण तो एक आमचा आहे ना, त्याची गोष्ट ऐका.

डेव्ह क्रिश्चन. गाव वॉररोड, कॅनडाच्या सीमेला लागून, मिनेसोटात, म्हणजे तुमच्याच राज्यात. वस्ती दोन हजारांच्या आत. त्याचे वडील बिल आणि काका रॉजर १९६० च्या सुवर्णविजेत्या संघात होते. दुसरे काका गॉर्डन १९५६ च्या रौप्यविजेत्या संघात. घरची हॉकी स्टिक बनवायची कंपनी. डेव्ह मात्र शिकायला नदी ओलांडून आमच्याकडे आला. १९७९ च्या कॉलेज फायनलमध्ये तुमच्या ब्रुक्सच्या संघाने आम्हाला ४-३ ने हरवलं. पुढच्या वर्षी त्याच ब्रुक्सनी डेव्हला ऑलिंपिकला नेलं आणि पुढे खेळणाऱ्या पोराला बचावात उभं केलं. तो उभा राहिला. ऑलिंपिक संपताच विनिपेगकडून पहिल्यांदा बर्फावर उतरला आणि सातव्या सेकंदाला गोल! पुढे एनएचएलमध्ये हजाराहून जास्त मॅच.

आणि ज्या मार्चमध्ये डेव्हच्या घरी सुवर्ण होतं, त्याच १९८० च्या मार्चमध्ये त्याच्याविना नॉर्थ डकोटा कॉलेज विजेता झाला.

ओशीही वॉररोडच्याच शाळेतून इथे आला. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध शूटआउटमध्ये अमेरिकेने त्यालाच सहा वेळा पाठवलं आणि त्याने चार गोल मारले. दुकानात, बँकेत, दवाखान्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

शंकासूर

एकाच माणसाला सहा वेळा कसं काय?

गोलपोस्ट

ऑलिंपिकच्या नियमानुसार पहिल्या तीन फेऱ्यांना वेगवेगळे खेळाडू लागायचे. तरी बरोबरी राहिली तर पुढे एकच खेळाडू कितीही वेळा पाठवता यायचा. एनएचएलमध्ये ही मुभा नाही.

टोरोंटोची_मावशी

लालनदी, तुझी पोस्ट दोनदा वाचली.

आमच्या घरी २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिक फायनलचा दिवस कुणी विसरत नाही. कॅनडा-अमेरिका. जावई अमेरिकेत वाढलेला, मुलगी इथली. दोघांना सोफ्याच्या दोन टोकांना बसवलं होतं. कॅनडाचा पहिला गोल टेव्झने मारला. मुलगी नाचली. मग कॅनडा २-०, मग २-१. शेवटची पंचवीस सेकंदंही राहिली नव्हती आणि परीझीने बरोबरी केली. जावई इतक्या जोरात ओरडला की नातू झोपेतून उठून रडायला लागला. पुढे क्रॉस्बीने ओव्हरटाइममध्ये गोल केला आणि सगळा रस्ता हॉर्न वाजवत सुटला.

आज तुमचा धागा वाचताना कळलं की सामन्यातला पहिला गोल करणारा आणि अमेरिकेला शेवटच्या क्षणी वाचवणारा, दोघे एकाच कॉलेजचे. परीझी गेला आणि वर्षभराने टेव्झ आला. तुमच्या गावाने तेव्हा टाळ्या कुणासाठी वाजवल्या?

लालनदी

मावशी, आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण शेजारच्या आजोबांना आत्ताच विचारून आले. म्हणाले, "दोन्ही गोलांना उभा राहिलो."

विमानपालक

मी पुण्याहून लिहितोय. मुलगा ग्रँड फोर्क्सला वैमानिकाचं शिक्षण घेतो. तिथली विमानविद्या शाखा मोठी आहे आणि भारतातली बरीच मुलं असतात. हॉकीचा ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात त्याला भेटायला गेलो तेव्हा तो हट्टाने मॅचला घेऊन गेला.

काय ते स्टेडियम! राल्फ एंगलस्टॅड अरीना. कातडी खुर्च्या, पायाखाली ग्रॅनाइट. साडेअकरा हजारांच्या आसपास माणूस मावतं. मुलाने सांगितलं की एंगलस्टॅड हे स्वतः इथल्या संघाचे गोलकीपर होते. पुढे लास व्हेगासला कॅसिनो काढला, गडगंज झाले आणि दहा कोटी डॉलरच्या वर खर्चून हे बांधून दिलं. २००१ मध्ये सुरू झालं. म्हणजे माजी विद्यार्थ्यांचं यश फक्त पदकांत मोजू नये, असंही वाटलं.

थंडी मात्र भयानक. पार्किंगपासून दारापर्यंत चालताना मिशीवर बर्फ धरलं.

दुपारचा_चहा

विमानपालक, त्या स्टेडियमची दुसरी बाजूही सांगायला हवी. संघाचं जुनं नाव तिथल्या सू या मूळनिवासी लोकांवरून ठेवलेलं होतं. ते बदलायची मागणी सुरू झाली तेव्हा एंगलस्टॅडनी अर्धवट बांधकाम तसंच सोडून देण्याची धमकी दिली होती. शेवटी २०१२ मध्ये राज्यभर मतदान होऊन नाव गेलं, आणि २०१५ मध्ये 'फायटिंग हॉक्स' आलं. पैसा देणारा माजी विद्यार्थी धोरणही ठरवायला बघतो, हेही यशाबरोबर येतं.

लालनदी

खरं आहे. त्या नावावरून गावात भावाभावांत अबोला झालेला आहे. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण स्टँडिंग रॉकची, म्हणजे सू लोकांच्या राखीव वस्तीतली. ती सांगायची, लहानपणी प्रतिस्पर्धी प्रेक्षक त्या नावावरून जे ओरडायचे, ते ऐकून ती मॅचला जायची बंद झाली. नाव गेल्यावर पहिल्यांदा तिच्या मुलाला घेऊन आली. तेव्हा आम्ही शेजारी बसलो होतो.

ताळेबंद

मी पेशाने हिशेबनीस. थोडं कटू लिहितो, ताईंनी राग मानू नये.

२०१६-१७ च्या सुमारास तेलाचे आणि शेतमालाचे भाव पडले आणि नॉर्थ डकोटाच्या तिजोरीत खड्डा पडला. सरकारने युनिव्हर्सिट्यांना कात्री दिली. आइस हॉकी हा महागडा खेळ. बर्फ, सामान, प्रवास, शिष्यवृत्त्या. मुलांच्या हॉकीला प्रेक्षक येतात, तिकिटं खपतात. मुलींच्या हॉकीला तेवढे येत नव्हते. माजी खेळाडूचं ऑलिंपिक पदक कॉलेजच्या खात्यात एक डॉलरही जमा करत नाही. अशा वेळी कुणालातरी वाईट निर्णय घ्यावाच लागतो. शिक्षक कमी करायचे की संघ? मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित हाच निर्णय घेतला असता आणि झोप उडाली असती.

कायद्याचं_बोला

ताळेबंद, हिशेब मान्य, पण हिशेबाच्या आधी कायदा येतो. अमेरिकेत १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि त्यात खेळाच्या संधीही आल्या. आज अमेरिकेत मुली खेळात एवढ्या पुढे दिसतात, त्याच्या मुळाशी हा कायदा आहे. कॉलेजांना मुलींसाठी संघ काढावेच लागले.

नॉर्थ डकोटाच्या काही माजी खेळाडू २०१८ मध्ये कोर्टात गेल्या. मुद्दा असा, की मुलांना हॉकी आणि मुलींना नाही, हे चालेल का? खालच्या कोर्टाने दावा फेटाळला होता. २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि दावा पुन्हा उभा राहिला. 'मुलींना दुसरे खेळ आहेत की' एवढ्यावर भागत नाही, असा त्याचा रोख होता.

"प्रेक्षक येत नव्हते" याबद्दल एकच विचारतो. १९६० साली पुरुषांच्या संघाला किती येत होते? त्यांना पन्नास वर्षं मिळाली. मुलींना पंधरा.

पलीकडचा_काठ

पंधरा वर्षांचं फळही बघा की. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्थ डकोटाच्या मुली फक्त अमेरिकेकडून नव्हत्या. फिनलंडने कांस्य जिंकलं, त्या संघात मिशेल कार्विनेन आणि सुसाना तापानी होत्या. दोघी ग्रँड फोर्क्सला खेळलेल्या. म्हणजे बंद पडलेल्या संघाच्या माजी खेळाडूंनी एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणि कांस्य दोन्ही घरी नेलं! जॉसलिनने तर त्याच स्पर्धेत रशियाच्या खेळाडूंविरुद्ध सहा सेकंदांत दोन गोल मारले, ऑलिंपिक विक्रम. मी जन्मभर मिनेसोटावाला, पण हा संघ बंद पडला तेव्हा आमच्याकडेही लोक हळहळले. तगडा शेजारी गेला की आपलाही खेळ पातळ होतो.

ताळेबंद

पन्नास आणि पंधरा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मुलांच्या संघाला मिळालेल्या वर्षांची किंमत मी खर्चात धरलीच नाही. विचार करतो.

बर्फाचा_भाऊ

थोडं अवांतर. वडील सैन्यात होते, आम्ही दोन वर्षं लेहला काढली. तिथे गोठलेल्या तळ्यांवर हॉकी चालते. लडाखमध्ये हा खेळ रुजवण्यात सैन्याचा मोठा हात. मुली भावांचे मोठे बूट घालून, बर्फ लागलेल्या केसांनी खेळायच्या. आज भारताच्या महिला संघात बहुतेक सगळ्या लडाखच्याच. कॅनडाची हेली विकेनहायझर २०१८ मध्ये त्यांना शिकवायला लडाखला गेली होती. २०२५ ला या मुलींनी आशिया चषकात कांस्य जिंकलं. त्यांच्या पाठीशी कुठलंच कॉलेज नव्हतं. वर्षातले दोन-तीन महिने टिकणारं बर्फ, तेवढंच.

चहांचं घरच्यांच्या श्रेयाबद्दलचं म्हणणं मला इथे जास्त लागू वाटतं.

सदाफुली

बर्फाचा भाऊ, यावर वेगळा धागा काढाच. आणि लालनदी, महापुराचं पण लिही ना. मागे एकदा दुसऱ्या धाग्यावर ओझरतं सांगितलं होतंस.

लालनदी

हो. १९९७. २९ मार्चला मिलवॉकीत बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-४ ने हरवून मुलांनी विजेतेपद आणलं. (गोलपोस्ट, माफ करा.) तीन आठवड्यांनी रेड रिव्हर चौपन्न फुटांवर गेली, बांध फुटला, जवळजवळ सगळं गाव बाहेर काढावं लागलं आणि पाणी भरलेल्या बाजारपेठेत वर आग लागली. शेजारच्या आजोबांचं तळघर छतापर्यंत भरलं होतं. काय वाचवलंत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आईचा फोटो आणि फायनलचं वर्तमानपत्र."

ताळेबंद, तुम्ही परत येऊन लिहिलंत, बरं वाटलं. राग नाही. माझे यजमानही तुमच्यासारखंच बोलले होते तेव्हा, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

दुपारचा_चहा

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण मघाशी मी एकाच बाजूने लिहिलं. बेलफोरचं उदाहरण आणि ही महापुराची गोष्ट वाचून वाटतं, श्रेय वाटून घ्यायला हरकत नाही, पण वाटा मागणाऱ्याने चालू हंगामातही काहीतरी घातलेलं असावं. मुलांच्या बाबतीत कॉलेज ते घालतंय. मुलींच्या बाबतीत २०१७ पर्यंतचा वाटा त्यांचा. त्यानंतर लॅमरू बहिणींनी जे काही केलं ते त्यांचं स्वतःचं आणि गावाचं.

गोलपोस्ट

+१. फक्त 'गावाचं' याला अधोरेखित करतो. २०१४ ला सोचीत फायनलमध्ये या बहिणी २-० ने पुढे असताना शेवटच्या साडेतीन मिनिटांत आघाडी गमावून बसल्या आणि ओव्हरटाइममध्ये हरल्या होत्या. अमेरिकेचा एक पक कॅनडाच्या रिकाम्या गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. त्यानंतर चार वर्षं पुन्हा उभं राहायला रिंक लागतं, सोबत सराव करणारं कुणीतरी लागतं. ते त्यांना कुठे मिळालं असेल?

(आणि ९७ ची जखम उगाच उकरलीत ताई!)

टोरोंटोची_मावशी

एवढी चर्चा झाली, पण काचेला नाक लावून बसलेल्या पोरीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलंच नाही. किती वर्षांची झाली? खेळते का अजून?

लालनदी

मावशी, सतरा पूर्ण. खेळते. गोलकीपर आहे. चौदाव्या वर्षापर्यंत मुलांच्या संघात खेळली, कारण तिच्या वयाच्या मुली पुरेशा नव्हत्या. २०१८ च्या फायनलला अमेरिकेची गोलकीपर मॅडी रूनी होती. तीही शाळेत शेवटच्या वर्षी मुलांच्या संघात खेळायची. हे कळल्यापासून लेकीच्या खोलीत तिचा फोटो आहे, लॅमरूंच्या शेजारी. रूनी डुलुथच्या कॉलेजची.

आता लेकीचंही डुलुथ ठरलंय. तिथल्या मुलींच्या संघाने पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आहेत. त्या संघात जागा मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळाली तर तिथल्या क्लब संघात खेळणार म्हणते. लॅमरूंसारखं आपल्या गावात राहून कॉलेज खेळायचं हे तिचं पाच वर्षांची असल्यापासूनचं स्वप्न होतं. अर्ज भरताना तिने विचारलं, "आई, इथलं परत सुरू झालं तर बदली करून येता येईल का?" मी हो म्हणाले.

इथून डुलुथ गाडीने साडेचार तास. ऑगस्टमध्ये सोडायला जाणार आहोत. तिथे कुणी मराठी मंडळी आहेत का? पहिल्या महिन्यात घरचं जेवण मिळालं तर बरं होईल.

सुपीरियरकर

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितो. आम्ही डुलुथला आहोत, रिंकपासून दहा मिनिटांवर. बायको विचारतेय, पोरगी तिखट खाते का?

लालनदी

खाते. आणि खूप खाते, आधीच सांगून ठेवते. व्यक्तिगत निरोप केला आहे.